आधी पाणी, मग वल्हं: ठाणे–नवी मुंबईतून कयाकिंग सुरू करताना

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. आजही तीसहून जास्त तलाव शिल्लक आहेत. शहराच्या पूर्वेला खाडी, उत्तरेला वळसा घालून वसईकडे जाणारी उल्हास. नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत कुठेही खाडीची हद्द फार लांब नसते. एवढं पाणी असूनही कयाक शिकायला निघालेला माणूस पहिल्याच रविवारी गोंधळतो, कारण यातलं बहुतेक पाणी नवशिक्यासाठी नाही. काही पिण्याचं, काही राखीव, काही घाण, आणि काही दिवसातून दोनदा बोटीखालून निघून जाणारं.

नवीन माणूस सगळ्यात आधी विचारतो, "कयाक कुठली घेऊ?" हा प्रश्न शेवटचा आहे. कुठल्या पाण्यात, कुठल्या महिन्यात, दिवसाच्या कुठल्या प्रहरी उतरायचं हे कळलं की साधी भाड्याची बोटही छान चालते. ते कळलं नसेल तर महागातली बोट फक्त तुम्हाला अडचणीत लवकर नेऊन पोचवते.

कॅनू की कयाक

हे पटकन उरकू. कॅनूमध्ये एकाच पात्याचं वल्हं असतं आणि गुडघ्यांवर किंवा उंच फळीवर बसतात. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचं, हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. आपल्या भागात कॅनू भाड्याने मिळणं विरळाच. 'कयाकिंग' अशी पाटी दिसली की तिथे बहुतेक वेळा जाड प्लॅस्टिकची, वर बसायची कयाक असते, जिला सिट-ऑन-टॉप म्हणतात. तिच्या तळाला आरपार भोकं असतात, त्यातून आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं. उलटली तरी ती पाण्याने भरत नाही. शिकायला हीच घ्या. आत बसायची सिट-इन कयाक जास्त वेगाने जाते आणि सरळही चालते, पण उलटली की टबासारखी भरते आणि ती रिकामी करून परत आत बसायचं तंत्र वेगळं शिकावं लागतं.

दोघांची कयाक मिळाली तर एक गोष्ट काठावरच ठरवून घ्या: ताल पुढच्याचा, दिशा मागच्याची. नवरा-बायकोने पहिल्या दिवशी वेगवेगळ्या बोटी घेतलेल्या बऱ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठे उतरायचं नाही

मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी, आणि उपवन इथे बोटिंग म्हणजे संध्याकाळची पायडल बोट. मुलांना घेऊन जायला उत्तम, पण स्वतःची बोट खांद्यावर टाकून उतरायची ती जागा नाही.

शहराबाहेर पडल्यावर नकाशात मोठमोठे निळे डाग दिसतात आणि हात शिवशिवतात. त्यातली बरीच पिण्याच्या पाण्याची धरणं आहेत. मोरबे नवी मुंबई महापालिकेचं, बारवी एमआयडीसीचं, तर तानसा, मोडकसागर आणि भातसा मुंबईला पाणी पाजतात. तानसा तर अभयारण्यातही येतं. अशा जलाशयांत परवानगीशिवाय बोट घालणं सोडाच, काठावर जायलाही अनेक ठिकाणी मनाई असते. गावातला कोणी "चला, मी ओळखतो सगळ्यांना" म्हणाला तरी जाऊ नका. सुरक्षारक्षक आला की तो ओळखणारा सगळ्यात आधी गायब होतो.

ठाणे खाडीचा ऐरोली पुलापासून वाशी पुलापर्यंतचा पश्चिमेकडचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र १,६९० हेक्टर, त्यातला निम्म्याहून जास्त भाग खारफुटीचा. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. तिथे मनाला येईल तेव्हा कयाक घेऊन जाता येत नाही. नियमाचा भाग बाजूला ठेवला तरी, चरत असलेल्या थव्यात तुम्ही शिरलात की शेकडो पक्षी एकदम उठतात आणि त्यांचं खाणं मोडतं. त्यापेक्षा ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाच्या बोटीने एकदा खाडी बघून या. हा सल्ला फ्लेमिंगोंसाठी कमी आणि चिखलासाठी जास्त देतो आहे. ओहोटीला खाडीचा केवढा भाग नुसता गाळ होतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

कल्याणजवळची उल्हास आणि तिला मिळणारी वालधुनी यांच्याबद्दल थोडक्यात एवढंच की सांडपाणी आणि जलपर्णी या दोन गोष्टी जिथे आहेत तिथे शिकायचं नाही. जलपर्णीच्या दाट थरात वल्हं आत जातं पण बाहेर येत नाही, आणि उलटलात तर त्या पाण्याचा घोट पोटात जातोच.

मग कुठे

नवशिक्याला तीन दिशा सोयीच्या आहेत.

पहिली कर्जतची. लोकलने जाता येतं, म्हणून ठाणेकरांना सगळ्यात जवळची वाटते. उल्हास आणि पेज या नद्यांच्या काठी फार्मस्टे आणि कॅम्प आहेत, त्यातल्या काहींकडे कयाक असतात. पेजचं वैशिष्ट्य असं की सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या फेब्रुवारीनंतर दगडगोट्यांचा रस्ता होतात, तेव्हाही ही वाहत असते, कारण टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून बाहेर पडणारं पाणी तिला मिळतं. यातच तिचा धोकाही आहे. वीजनिर्मिती सुरू झाली की आकाशात ढग नसतानाही पाणी चढतं. म्हणून डोह ओळखीचा वाटला तरी स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय उतरायचं नाही आणि सामान नदीपात्रातल्या खडकावर ठेवायचं नाही.

दुसरी कोलाडची. कुंडलिका नदी राफ्टिंगसाठी प्रसिद्ध आहे. तिथेही वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणीच खेळवलं जातं, म्हणून राफ्ट सकाळी निघतात. पाण्याचा तो लोंढा ओसरला की नदीचा नूर बदलतो. नवख्याने कयाकसाठी खालच्या टप्प्यातलं संथ पाणी मागावं. उसळत्या पाण्यातली कयाक हा वेगळा खेळ आहे आणि तो वेगळा शिकावा लागतो. पनवेल ओलांडून मुंबई–गोवा महामार्गाने जायचं असल्याने नवी मुंबईकरांना कोलाड बरं पडतं. घोडबंदर रोडवरून निघणाऱ्यांनी पहाटेच बाहेर पडावं, कारण तिथे वाहतुकीची भरती कुठल्याही पंचांगात सापडत नाही.

तिसरी लोणावळ्यापलीकडच्या पवना जलाशयाची. काठावर तंबूंचे कॅम्प भरपूर, पाणी संथ, सकाळी तर आरशासारखं. शिकायला मला हीच जागा सगळ्यात पसंत आहे. पण इथल्या कॅम्पांचा दर्जा अगदी टोकाचा वेगवेगळा असतो. कुठे व्यवस्थित प्रशिक्षक, कुठे नुसती बोट पाण्यात ढकलून "जा साहेब, फिरून या". जलाशय मोठा आहे, काठ उतरता आहे, आणि चार वल्ह्यांवर पायाखालची जमीन संपते.

महिन्यांचं गणित सोपं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च ते मे फक्त पहाटे, आणि ऊन चढायच्या आत बाहेर. जून ते सप्टेंबर नवशिक्याने बोटीचं नाव काढू नये. दर पावसाळ्यात धरणं, धबधबे, नद्या यांच्यासाठी जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघतात, त्यामागे दरवर्षी बुडणाऱ्यांची यादी असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय कोळी आपली होडी समुद्रात घालत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर काढलेली माणसं घरी बसतात, तेव्हा आपण कांदाभजी खावी.

फोनवर काय विचारायचं

बुकिंग करताना लोक जेवणात काय, पार्किंग आहे का, डीजे आहे का हे विचारतात. त्याआधी दोन मिनिटं पाण्याबद्दल बोला. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार ती करावी लागते. पाण्यावर सोबत येणारा माणूस कुठे शिकलाय? गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचं, म्हणजे एनआयडब्ल्यूएसचं, प्रमाणपत्र असेल तर चांगली खूण. एका प्रशिक्षकामागे किती बोटी? मदतीला इंजिनाची बोट आहे का, आणि ती चालू अवस्थेत आहे का? वारा वाढला तर पैसे परत देता की "बघू, होईल ठीक" म्हणता?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कसं येतं ते नीट ऐका. जो माणूस शांतपणे "वारा असेल तर आम्ही काढत नाही" असं सांगतो, त्याच्याकडे जा. लाइफ जॅकेट सक्तीचं आहे का, असं विचारल्यावर "तुम्हाला पोहता येत असेल तर नको" असं कोणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा.

पोहणं आणि जॅकेट

पोहता यायलाच हवं का? संथ पाण्यात, चांगल्या जॅकेटसह, प्रशिक्षकासोबत शिकायला पोहणं येण्याची अट मी घालणार नाही. पण पाण्यात तोंड गेल्यावर घाबरून हातपाय झाडणारा माणूस जॅकेट असूनही अडचणीत येतो. म्हणून पोहणं नाही तरी पाण्याशी ओळख हवी. पालिकेच्या मारोतराव शिंदे तरणतलावात किंवा सोसायटीच्या पूलमध्ये काही दिवस नाक पाण्याखाली घालून श्वास सोडायचा आणि पाठीवर तरंगायचा सराव केलात तरी मोठा फरक पडतो. स्वतःच्या बोटीने, प्रशिक्षकाशिवाय जायचं असेल तेव्हा मात्र पोहणं आलंच पाहिजे.

जॅकेट अंगावर घातल्यावर कोणाला तरी खांद्यांच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे. पाण्यात ते तुमच्या डोक्यावरून निघून जाईल. बाजूचे पट्टे आवळा, चेन पूर्ण लावा, मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. लेबलवर न्यूटनमध्ये आकडा असतो: ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आधार म्हणून असतं, पोहता न येणाऱ्याने किमान १०० न्यूटनचं घ्यावं. लेबलच पुसलेलं, आतला फोम चुरलेला असं जॅकेट हातात आलं तर बिनधास्त दुसरं मागा. लाजायचं काही कारण नाही.

कपड्यांत जीन्स आणि जाड सुती शर्ट टाळा. ओले झाले की वाळत नाहीत. पूर्ण बाह्यांचा पटकन वाळणारा टी-शर्ट, पट्ट्याची टोपी, चष्म्याला दोरी, आणि मागे पट्टा असलेल्या सँडल. स्लिपर पहिल्याच चिखलात राहते. पिण्याचं पाणी एक माणूस दोन लिटर, सोबत ओआरएसची पुडी. गळ्यात शिट्टी, तीन वेळा लांब वाजवली की 'मदत हवी' असा अर्थ. मोबाइल ज्या वॉटरप्रूफ पाकिटात घालणार ते आदल्या रात्री घरच्या बादलीत, आत कागद ठेवून बुडवून बघा.

पहिला तास

बोटीत बसायची घाई नको. आधी काठावर उभे राहून वल्हं डोक्यावर आडवं धरा. कोपर काटकोनात आले की हातांमधलं अंतर बरोबर. मग वल्हं समोर घ्या. पात्याची खोलगट बाजू तुमच्याकडे हवी. पाती वरखाली सारखी नसतील तर लांब कड वर.

गुडघाभर पाण्यात बोट आडवी धरून, बुड आधी सीटवर टेकवा आणि मग पाय आत घ्या. एक पाय आत टाकून उभं राहायचा प्रयत्न केलात की काठावरच्यांची करमणूक होते. पाय पुढच्या खाचांत टेकवा, गुडघे थोडे वाकलेले, पाठ ताठ. सोफ्यावर रेलल्यासारखं बसलं की अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते.

आता मुख्य गोष्ट. वल्हं दंडाच्या जोरावर ओढायचं नसतं. उजवीकडे मारताना उजवा खांदा पुढे न्या, पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात पूर्ण बुडवा, आणि कंबर वळवत अंग मागे आणा. पातं कमरेपाशी आलं की बाहेर. त्यापुढे ओढत नेलं तर बोट पुढे जायच्या ऐवजी वळते. पकड सैल ठेवा. मूठ आवळून धरणाऱ्याच्या तळव्यांना पहिल्याच दिवशी फोड येतात. नजर बोटीच्या टोकावर नको, समोरच्या किनाऱ्यावरचं एखादं झाड धरा. नाकाडं डावीउजवीकडे भरकटणं पहिला अर्धा तास होणारच, त्याने खट्टू होऊ नका.

वळायला, ज्या बाजूला वळायचं त्याच्या विरुद्ध बाजूने पातं पुढून मागे मोठ्या अर्धगोलात फिरवा. थांबायला, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून पातं मागून पुढे टेकवा. बोट डगमगली तर कडा धरायच्या नाहीत. हात वल्ह्यावर, वल्हं पाण्यावर. पाण्यात असलेलं पातं तुम्हाला सावरतं, हवेत उचललेलं सावरत नाही.

आणि मग, मुद्दाम उलटा. हो, पहिल्याच दिवशी, छातीभर पाण्यात, प्रशिक्षक शेजारी असताना. बहुतेक कॅम्पवाले हे करवून घेत नाहीत, तुम्ही मागून घ्या. मला विचाराल तर या एका गोष्टीवरून मी शिकवणाऱ्याची पारख करतो.

पाण्यात पडल्यावर पहिलं काम बोट धरणं, दुसरं वल्हं धरणं. बोट सोडून किनाऱ्याकडे पोहायचं नाही. वारा असेल तर बोट तुमच्यापेक्षा वेगाने जाते, आणि लांबून शोधणाऱ्याला रंगीत बोट दिसते, पाण्यातलं डोकं दिसत नाही. बोट पालथी असेल तर तळावरून हात टाकून पलीकडची कड धरा आणि अंगाचा भार मागे टाकून ती सुलटी करा. आता बोटीच्या मध्यावर, सीटपाशी या. दोन्ही हात बोटीवर आडवे, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागाशी आणून जोरात मारा आणि पोटावर सरकत बोटीवर आडवे चढा. बेंबी सीटवर आली की थांबा, श्वास घ्या. मग पाठीवर वळून बुड सीटमध्ये टेकवा आणि शेवटी पाय आत. वर चढायच्या नादात लोक पाय बोटीखाली जाऊ देतात आणि बोट पुन्हा अंगावर घेतात. पाय मागे आणि वर ठेवणं यातच सगळी मेख आहे. हे न थांबता दोनदा जमेपर्यंत खोल पाण्यात जाऊ नका.

वारा

लाटांना सगळे घाबरतात, वाऱ्याकडे कोणी बघत नाही. जलाशयावर नवशिक्याला अडकवतो तो वाराच. आपल्याकडे हिवाळा-उन्हाळ्यात सकाळ शांत असते, आणि ऊन तापलं की समुद्राकडून वारा सुटतो, दुपारी तो जोरात असतो. म्हणून सूर्योदयाला पाण्यात, दहाच्या सुमारास बाहेर. हवामानाच्या ॲपमध्ये तासागणिक वारा दिसतो. ताशी १२ किलोमीटरच्या वर आकडा असेल तर पहिल्या काही वेळा जाऊ नका. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना तो पाठीशी असू दे. उलट केलंत तर जाताना आपण फार छान वल्हवतो असं वाटतं, आणि परतताना खरं कळतं.

खाडी: तिथी बघून

तलावात हात बसला, उलटून चढता येऊ लागलं, पाच-सहा किलोमीटर न थकता जाता येऊ लागलं की मगच घराजवळच्या खाडीचा विचार करायचा. आणि तोही अनुभवी माणसासोबत.

खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण सव्वाबारा ते साडेबारा तास जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांकडे यासाठी एक झटपट हिशेब आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला (तिथी पंधरा) हिशेबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात दुपारी बाराच्या आगेमागे. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा आणि ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीच्या वरच्या टोकाला पाणी पोचायला आणखी वेळ लागतो. जायच्या दिवशी त्या तारखेचं भरती-ओहोटीचं तक्तं बघायचंच. पण महिन्याभराचे रविवार घेऊन कुठला उपयोगाचा आणि कुठला नाही हे ठरवायला कालनिर्णयचं पान पुरतं.

कसं ते बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. भरती दुपारी बाराला, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास. तुम्ही पहाटे उत्साहाने जेट्टीवर पोचता तेव्हा समोर पाणी नसून गुडघ्यापर्यंत रुतवणारा गाळ असतो. शिवाय उधाणाला पाण्याची चढउतार सगळ्यात मोठी, त्यामुळे ओढही सगळ्यात जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी आणि ओढ सौम्य. म्हणून भरती सकाळी हवी आणि ओढही आटोक्यात हवी असेल तर कुठल्याही पक्षातली नवमी, दशमी, एकादशी बघायची. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी उतरायचं, चढत्या पाण्यासोबत वर जायचं, पाणी थबकलं की वळायचं, आणि उतरू लागलेल्या पाण्यासोबत लगेच परत. थबकलेल्या पाण्यात चहा प्यायला थांबलात तर हरकत नाही, पण चहाच. डबा उघडून बसू नका; ओहोटीला उशीर केला की काठ आणि तुम्ही यांच्यामध्ये चिखलाचा पट्टा वाढत जातो.

त्या चिखलात कधीही उतरून चालू नका. बोट गाळावर बसली तर बोटीतच बसून राहा, पुढची भरती येऊन उचलेल. वैतागवाणं आहे, पण सुरक्षित आहे. चालायलाच लागलं तर पाय रुतल्यावर जोर लावून ओढायचा नाही. बोटीवर भार टाकून, गुडघे टेकवून अंग पसरायचं.

ठाणे खाडीतली ओढ आणि घोडबंदरकडची ओढ यांत फरक आहे. गायमुख, नागला बंदर, कोलशेत या बाजूला उल्हासचं मुख्य पाणी वसईच्या खाडीकडे जातं. पात्र रुंद, प्रवाह जोरदार, आणि रेती काढून काढून तळ अनेक ठिकाणी अवचित खोल झालेला. हा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग ५३ मध्येही येतो. दिसायला देखणा, एका बाजूला येऊरचा डोंगर, पण नवशिक्याचं पाणी नाही.

खाडीत तुम्ही पाहुणे आहात हे लक्षात ठेवा. दिवाळे, सारसोळे, वाशी, चेंदणी हे कोळीवाडे नवी मुंबई वसण्याच्या आधीपासूनचे. उतरण्याआधी जेट्टीवर जाळं विणत बसलेल्या एखाद्या काकांना रामराम करा, "काका, आज पाणी कधी फिरतंय? कुठल्या बाजूला जाळी आहेत?" एवढं विचारा. ॲपला माहीत नसलेल्या दहा गोष्टी ते सांगतील, आणि परत यायला उशीर झाला तर तुमच्याकडे कोणाचं तरी लक्ष असेल. पाण्यात ओळीने रोवलेले खुंट दिसले की ती जाळी आहेत. त्यांच्या मधून नाही, लांबून वळसा घालून जायचं. ओढीने बोट खुंटाला आडवी अडकली तर उलटायला क्षण लागत नाही. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणाऱ्याच्या समोरून जाऊ नका, मासे पळतात आणि शिव्या मिळतात, रास्तच मिळतात.

खारफुटीच्या आत शिरून फोटो काढायचा मोह टाळा. तिवराची वर आलेली श्वासमुळं वल्ह्याने मोडतात, आणि त्या झाडांना कायद्याचं संरक्षण आहे. जेट्टीच्या दगडांवर, खांबांवर कालवांच्या कपच्या असतात, त्या ब्लेडसारख्या कापतात, म्हणून अनवाणी उतरू नका. खाडीच्या पाण्यात जखम झाली तर घरी येऊन साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते तपासा. खाडीवरून आल्यावर ताप, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना आपण या पाण्यात होतो हे आवर्जून सांगा. लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा विचार त्यांना वेळेत करता येतो.

घरी एकाला तरी लेखी कळवून जा: कुठून उतरणार, कुठे जाणार, किती वाजता परत, आणि त्या वेळेनंतर अर्धा तास फोन लागला नाही तर काय करायचं. अडचणीत ११२, आणि खाडीच्या तोंडाकडे किंवा समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४.

स्वतःची बोट

एवढं सगळं करूनही हौस उतरली नसेल तर आता घ्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हवा भरायची कयाक सोयीची. पिशवीत मावते, वजन दहा-पंधरा किलो, लिफ्टमधून नेता येते. प्लॅस्टिकची कडक बोट जास्त चांगली चालते, पण तीन मीटर लांब आणि वीस-पंचवीस किलोची वस्तू सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवायला सेक्रेटरींची परवानगी काढावी लागेल, आणि ते काम वल्हं मारण्यापेक्षा अवघड असू शकतं. हवेच्या बोटीत निदान दोन-तीन स्वतंत्र कप्पे हवेत, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तरंगवतात. समुद्रकिनाऱ्यावर खेळायची पातळ रबरी होडी कयाक म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका. खुंटावरच्या एका शिंपल्यात तिचं काम तमाम.

वल्हं बहुतेकांना २२० ते २४० सेंटिमीटर लांबीचं लागतं. बोट जितकी रुंद तितकं लांब. पैसे वाचवायचे असतील तर बोटीत वाचवा. वल्हं हलकं घ्या, आणि जॅकेट चांगलं.

भर उन्हात हवेची बोट काठावर काढून ठेवली की आतली हवा तापून फुगते आणि शिवण सुटते, म्हणून बाहेर काढल्यावर थोडी हवा सोडा. खाडीवरून आल्यावर बोट, वल्हं आणि जॅकेट गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवूनच घडी घाला. ओली घडी घातली तर आठवड्यात बुरशी येते. मे संपताना शेवटचं धुणं झालं की घड्यांमध्ये थोडी टाल्कम पावडर टाका आणि उंदरांपासून लांब, माळ्यावर ठेवून द्या.